एकेक स्वर मांडताना



हल्ली लग्नाच्या स्वागत समारंभाला जा, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगला जा. एक माणूस कीबोर्डसमोर उभा असतो आणि ढोलकी, बासरी, व्हायोलिन असा सगळा ताफा ऐकू येत असतो. ताफा दिसत मात्र कुठंच नाही. मग हमखास कुणीतरी विचारतं, "हे आधी टेप करून आणलेलं असतं का हो?" मी सांगलीत पेटी आणि कीबोर्ड शिकवते. त्यामुळं हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर जरा लांबीचं आहे, म्हणून आजचं हे भाषण.

टेपमध्ये आवाज असतो. सिक्वेन्सर नावाच्या यंत्रात आवाज नसतो, हिशेब असतो. कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरानं दाबली आणि कधी सोडली, एवढ्या चार गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. कीर्तनकाराच्या वहीत आख्यानाचं टिपण असतं, तसंच हे. वही म्हणजे कीर्तन नव्हे, पण वही नीट असेल तर कीर्तन उभं राहतं. सिक्वेन्सर आपली वही कीबोर्डला वाचून दाखवतो आणि कीबोर्ड त्याप्रमाणं वाजतो. त्याच वहीवरून आज पेटी वाजवा, उद्या बासरी. वही बदलत नाही.

ही वही ज्या भाषेत लिहितात, तिचं नाव मिडी. पूर्वी प्रत्येक कंपनीचं वाद्य आपापल्याच भाषेत बोलायचं. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजायचा. २०१३ साली या दोघांना याच कामासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एका कारखानदाराचं वाद्य दुसऱ्याला समजावं, यासाठी स्पर्धकांनी एकत्र बसणं ही काही रोज घडणारी गोष्ट नाही.

या भाषेत स्वरांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. शून्यापासून १२७ पर्यंत एकूण १२८. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे क्रमांक ६०. तिच्या शेजारची काळी एक ६१. जोरही आकड्यांत मोजतात, १ पासून १२७ पर्यंत. आणि एका वायरीतून एकाच वेळी १६ निरनिराळी वाद्यं जाऊ शकतात. त्या वाटांना चॅनेल म्हणतात.

आता या वहीत स्वर लिहायचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा वाटतो. यंत्राचा ठोका सुरू करायचा आणि त्याच्याबरोबर वाजवत जायचं. यंत्र ते जसंच्या तसं टिपून घेतं. तुमचा हात चुकला तर चूकसुद्धा टिपतं. दुसरा मार्ग जुना आहे. १९७७ साली जपानच्या रोलंड कंपनीनं काढलेल्या एका यंत्रात तर स्वर चक्क कॅल्क्युलेटरसारख्या बटणांनी आकडे दाबून भरावे लागत. या पद्धतीत ठोका बंद असतो. तुम्ही एक स्वर दाबता, यंत्र तो लिहून घेतं, एक घर पुढं सरकतं आणि थांबतं. तुम्ही दुसरा स्वर दहा सेकंदांनी दिला काय, की चहा पिऊन येऊन दिला काय, त्याला फरक पडत नाही. इंग्रजीत याला स्टेप रेकॉर्डिंग म्हणतात. मी मुलांना सांगते, 'एकेक स्वर मांडणं'.

हातात वेग असलेले वादक या दुसऱ्या पद्धतीला नाकं मुरडतात. हे शिकाऊ माणसाचं काम, टायपिंग करावं तसं, असं म्हणतात. मलाही हे कंटाळवाणं काम वाटायचं. पण एका पेटीवाल्या अण्णांबरोबर तीन संध्याकाळी या पद्धतीनं बसले आणि हे काम कशासाठी आहे, ते मला कळलं.

अण्णा सातारा जिल्ह्यातले. कोरेगावच्या बाजूच्या एका गावात भजनी मंडळात पन्नासच्या वर वर्षं त्यांनी पेटीची संगत केलेली. गावाच्या भजनात काही चाली अशा होत्या, की त्या फक्त याच मंडळात गायल्या जात. कुणी लिहिलेल्या नाहीत, कुठं छापलेल्या नाहीत. पुढं अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण बोटं आता पट्टीवर ठरत नव्हती. डावा हात मात्र चांगला होता. मुलीकडं सांगलीला राहायला आले, तेव्हा मंडळातल्या एका तरुण टाळकऱ्यानं त्यांना माझ्याकडं आणलं. म्हणाला, "ताई, अण्णांची चाल कशीतरी धरून ठेवा. आमच्यात दुसरं कुणी पेटीवर नाही."

साधं रेकॉर्डिंग करता आलं असतं. पण अण्णांना आता लयीत वाजवताच येत नव्हतं. गाऊन दाखवतो म्हणाले, तर दमामुळं ओळ पुरी होईना. मला सुचलं, ते हे, की यंत्र थांबू शकतं. अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही घाईच करू नका. एक स्वर द्या. मनाला पटला की पुढचा."

ते हसले. म्हणाले, "पोरी, म्हणजे मुलाला मुळाक्षरं गिरवायला लावतात तसं म्हण की."

तसंच होतं ते. आता आम्ही काय काय केलं, ते क्रमानं सांगते. कारण आपल्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल, तर हाच क्रम उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी पट्टी ठरवली. मंडळ काळी एकमध्ये गायचं. चाल भूपाच्या अंगाची, म्हणजे स्वर पाचच. सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, प काळी चार आणि ध काळी पाच. यंत्राच्या भाषेत ६१, ६३, ६५, ६८, ७०. हे आकडे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कीबोर्डवर चिकटवले. अण्णांसाठी नव्हे, माझ्यासाठी. पडद्यावर आकडे दिसतात आणि चुकीचा आकडा डोळ्याला पटकन खुपावा लागतो.

मग लय. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा. यंत्राला चार-चार मात्रांचे दोन भाग सांगितले, की आवर्तन बसतं. मिनिटाला ८० मात्रा अशी गती ठेवली. माझ्या सिक्वेन्सरमध्ये एका मात्रेचे ४८० भाग पडतात. अर्धी मात्रा हवी असेल तर पाऊल २४० भागांचं, पाव मात्रा हवी असेल तर १२० भागांचं. पुढचा स्वर द्यायच्या आधी हे पाऊल केवढं, ते सांगावं लागतं. अण्णा सांगायचे, "हा पुरा. हे दोघं मिळून एक. इथं थांबायचं." 'थांबायचं' म्हणाले, की विरामाचं बटण. 'ओढायचा' म्हणाले, की मागचाच स्वर पुढच्या घरापर्यंत लांबवायचं बटण. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथंच होतो.

कंपामुळं कधी शेजारची पट्टी लागायची, कधी तीच पट्टी दोनदा. धावत्या रेकॉर्डिंगमध्ये अशा चुकीनं सगळी ओळ वाया जाते. इथं एक घर मागं यायचं, पुसायचं आणि पुन्हा द्यायचं. जोराचंही तसंच. थरथरत्या बोटाचा जोर कधी ३० यायचा, कधी ११०. म्हणून मी आधीच यंत्राला सांगून टाकलं, की प्रत्येक स्वराचा जोर सध्या ८० धर. पुढं पाहू.

पहिल्या संध्याकाळी दोन ओळी झाल्या. शेवटी मी ठोका सुरू करून त्या वाजवून दाखवल्या. बरेच दिवसांनी अण्णा आपली चाल लयीत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "स्वर बरोबर आहेत. पण हे कवायत करतंय."

श्रोतेहो, स्टेप रेकॉर्डिंगमधलं खरं काम इथून सुरू होतं. स्वर मांडणं हा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे संपादन.

पहिली दुरुस्ती स्वराच्या लांबीची. यंत्र आपणहून प्रत्येक स्वर आपल्या घराच्या साधारण ऐंशी टक्केच धरतं आणि सोडून देतं. पियानोच्या आवाजाला ते चालतं, पेटीला चालत नाही. पेटीवाला एक पट्टी सोडायच्या आत दुसरी दाबतो, म्हणून तिचा सूर सलग राहतो. आम्ही लांबी शंभर टक्के केली, काही जागी त्याहून किंचित जास्त. पण एकच स्वर लागोपाठ दोनदा आला, तर तिथं उलटं करावं लागतं. पहिला थोडा आधी सोडावा लागतो, नाहीतर दुसरा उमटतच नाही किंवा मध्येच तुटतो. असे एकूण अकरा ठिकाणचे स्वर आम्ही हातानं कापले.

दुसरी दुरुस्ती जागेची. मांडलेला प्रत्येक स्वर मात्रेच्या रेघेवर अगदी नेमका बसतो. माणूस तसा वाजवत नाही. अण्णा डाव्या हातानं मांडीवर मात्रा मोजत आणि तोंडानं चाल म्हणत. मी लक्ष देऊन ऐकलं, तर समेवर ते काटेकोर होते. पण समेच्या आधीचा स्वर जरा रेंगाळत यायचा. तो स्वर मी २० भाग मागं सरकवला. मिनिटाला ८० मात्रांच्या गतीत हे २० भाग म्हणजे सेकंदाचा साधारण बत्तिसावा हिस्सा. एवढ्यानं काय होणार, असं आपल्याला वाटेल. अण्णांनी ऐकलं आणि मान डोलावली. मग मी गंमत म्हणून ४० भाग केले. लगेच हात वर करून म्हणाले, "आता झोपला."

तिसरी दुरुस्ती जोराची, आणि इथं अण्णांनी मला पेटी नव्यानं शिकवली. मी एकेका स्वराचा जोर कमीजास्त करायला बसले होते. ते म्हणाले, "पेटीत बोटाला कुठला आला जोर? जोर भात्याचा." अगदी खरं. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच लागतो. तो फुलतो आणि मावळतो, तो डाव्या हातानं. मिडीमध्ये याची वेगळी सोय आहे. स्वर न बदलता त्याचा आवाज वाढवणारा-उतरवणारा एक नियंत्रक असतो, त्याचा क्रमांक ११. मी कीबोर्डवरची एक सरकपट्टी त्याला जोडून दिली. एकेक करून मांडलेले स्वर यंत्रानं वाजवायचे, आणि त्याच वेळी अण्णांनी डाव्या हातानं ती सरकपट्टी हलवायची. यंत्र ती हालचाल त्याच स्वरांवर लिहून घेतं, आधीचं काही पुसत नाही. अण्णांचा डावा हात पन्नास वर्षं भाता मारत आलेला. सरकपट्टी हातात आली आणि त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या प्रयत्नात चाल श्वास घ्यायला लागली. उजव्या हाताचं काम थांबत थांबत झालं होतं, डाव्याचं एका दमात झालं.

राहिला एक गांधार. दोन्ही संध्याकाळी अण्णा म्हणत होते, "तुझ्या या पेटीचा गांधार चढा आहे." यंत्राचा स्वर चढा कसा असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्यांचं म्हणणं तपासून पाहण्यासारखं होतं, आणि त्यासाठी सांगली-मिरजेसारखी जागा नाही. मिरजेचे तंबोरे देशभर जातात; २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. असाच एक तंबोरा माझ्याकडं आहे. तो काळी एकमध्ये लावला. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप एक गांधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या बरोबर पाचपट असा तो स्वर असतो. त्याच्याबरोबर कीबोर्डवरची ६५ क्रमांकाची पट्टी दाबली, तर दोन स्वर मिळेनात. सेकंदाला अडीच-तीन हेलकावे स्पष्ट ऐकू आले.

कारण साधं आहे. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. एका तुकड्याचे शंभर भाग धरले, तर कीबोर्डचा गांधार षड्जापासून ४०० भागांवर येतो, आणि तंबोऱ्यातून निघणारा सुमारे ३८६ वर. १४ भागांचा फरक. धैवतातही असाच, सुमारे १६ भागांचा. अण्णांची पेटी कुणा जुन्या कारागिरानं तंबोऱ्याशी कान लावून जुळवलेली होती. त्यांच्या कानात पन्नास वर्षं तो गांधार बसलेला.

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी याच सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर तारेच्या लांब्या मोजत बसले होते. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचा आधार घेऊन त्यांनी बावीस श्रुतींची मापं काढली आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारी या कामात त्यांना येऊन मिळाले. दोघांनी साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था उभी केली. बावीस श्रुती वाजवता येतील अशी 'श्रुती हार्मोनियम' लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी तिथं नेली गेली. पंडित भातखंडे आणि मोठमोठे गवई हजर होते. पेटीच्या श्रुती आणि गवयांच्या गळ्यातल्या श्रुती समोरासमोर ठेवल्या गेल्या, आणि त्या जुळेनात. पेटी परीक्षेत उतरली नाही.

पुढं पेटीवर आणखी एक संकट आलं, ते आपल्या रेडिओवरच. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. तिचे स्वर ठोकळेबाज, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप. साधारण तीस वर्षांनी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, ती बंदी सैल झाली. त्या काळात गावोगावची भजनी मंडळं मात्र पेटीवरच गात होती. अलीकडं डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्यानं बनवली आहे. म्हणजे प्रश्न अजून जिवंत आहे.

देवलांचे कष्ट वाया गेले, असं मला वाटत नाही. मोजल्याशिवाय १४ भागांचा फरक मला तरी कसा कळला असता? पण बडोद्याला काय अडलं असावं, याचा मी माझ्यापुरता विचार केला आहे. एका गवयाकडून मिळालेलं माप सगळ्या गवयांचा कायदा म्हणून पुढं ठेवलं गेलं. गळा प्रत्येक रागात, प्रत्येक जागेवर गांधाराकडं वेगळ्या वाटेनं जातो. त्याला एका खुंटीला बांधलं, की भांडण होणारच. आमचं काम त्या मानानं फार लहान होतं. सगळ्या भारताचा गांधार आम्हाला ठरवायचा नव्हता. एका गावच्या, एका माणसाच्या, एका पेटीचा गांधार लिहून ठेवायचा होता. तेवढं यंत्राला जमतं.

ते असं जमवलं. मिडीमध्ये स्वर वर-खाली वाकवायची सोय आहे. मधली जागा ८१९२ आणि दोन्ही बाजूंना आठ हजारांवर पायऱ्या. साधारणपणे एवढ्यात स्वर दोन पट्ट्या वर किंवा दोन पट्ट्या खाली जातो. १४ भाग उतरायचे म्हणजे सुमारे ५७० पायऱ्या खाली. अडचण एकच. वाकवलं, की त्या चॅनेलवरचे सगळेच स्वर वाकतात. गांधाराबरोबर षड्जही उतरला, तर सगळंच बिघडलं. म्हणून मी चालीतले सगळे गांधार आणि धैवत उचलून दुसऱ्या चॅनेलवर ठेवले, तोच पेटीचा आवाज तिथं दिला आणि तो अख्खा चॅनेल कायमचा थोडा खाली वाकवून ठेवला. घर एकच, खोल्या दोन. हल्लीच्या पुष्कळ कीबोर्डांत बारा स्वर वेगवेगळे जुळवायची सोय असते; ती असेल तर एवढा खटाटोप करावा लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा तंबोरा छेडला आणि चाल सुरू केली. अण्णा काही बोलले नाहीत. दुसरी ओळ संपल्यावर हळूच स्वतः गुणगुणायला लागले. मला तेवढी पावती पुरे झाली.

ही दोन मिनिटांची चाल कितीशी जागा घेते? काही किलोबाइट. मोबाइलमधल्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. मात्र ती ज्या यंत्रात केली, त्याच्याच खासगी पद्धतीत साठवून ठेवू नये, हे मी आवर्जून सांगते. यंत्रं जुनी होतात, बंद पडतात, फ्लॉपी वाचणारं कुणी उरत नाही. सगळ्यांना वाचता येईल अशी मिडी फाइल करून दोन-तीन ठिकाणी ठेवावी. सोबत एका कागदावर पट्टी, ठेका, गती आणि कुणाची चाल, हे मराठीत लिहावं. आकडे यंत्राला कळतात. ते कुणाचे आहेत, हे माणसालाच सांगावं लागतं.

अण्णांनी मंडळाला एक अट घातली. ही फाइल भजनात लावायची नाही. "एकादशीला माणूस पाहिजे," म्हणाले. "गाणारा दमला, की पेटीनं थांबायचं असतं. हे तुझं यंत्र माझ्यासाठी थांबलं. पण वाजायला लागलं, की कुणासाठी थांबत नाही." फाइल कशाला, तर शिकायला. तिथं तिच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. गती ८० वरून ४० वर आणली, तरी पट्टी उतरत नाही. पेटी बंद करून नुसता ठेका ठेवता येतो. अवघड ओळ शंभर वेळा फिरवली, तरी यंत्र कंटाळत नाही. त्या टाळकऱ्याची बारा वर्षांची पुतणी आता तिच्यावरूनच पेटी शिकते. तिचा हात अजून कच्चा आहे, पण समेच्या आधीचा तो स्वर ती रेंगाळत घेते. तिला हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही.

शेवटी एक गोष्ट बोलायला हवी. एक सिक्वेन्सर आला आणि स्टेजवरचे चार वादक घरी बसले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ढोलकीवाले, क्लॅरिनेटवाले, बासरीवाले, ज्यांचं घर लग्नसराईवर चालायचं. यंत्राचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. कमी पैशांत काम भागावं, म्हणून माणसाला बाजूला सारायलाही हे यंत्र वापरता येतं, आणि ज्याचा हात थकला आहे त्याच्याजवळ बसून एकेक स्वर विचारून घ्यायलाही. यंत्र दोन्ही कामं तितक्याच इमानानं करतं. कुठलं काम द्यायचं, हे आपल्याकडं आहे.

आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गावागणिक मंडळं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक मंडळात असा एक तरी पेटीवाला, पखवाजवाला आहे, ज्याच्या चाली त्याच्याबरोबरच जातील. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. साधा कीबोर्ड आणि संगणक पुरतो. वेळ मात्र लागतो. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्यांच्याशेजारी बसवा. ठोका बंद करा, आणि पहिला स्वर विचारा.